ठिणगीचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनातील ठिणगीवर लेख लिहावा, हे पाहुण्याने यजमानाच्या चुलीत लुडबुड केल्यासारखे काहींना वाटेल. विज्ञान शाखेचे मित्र तर हसतीलच. परंतु आमच्या बेळगुंदीसारख्या गावात दुचाकी ही चैनीची वस्तू नाही, ती धंद्याचे साधन आहे. पहाटे दूध घेऊन बेळगाव गाठायचे, भाजीची पोती बाजारात पोहोचवायची, आणि आम्हा विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला वर्गात हजर व्हायचे, तर गाडी दोन-तीन किकमध्ये सुरू व्हावी लागते. ती झाली नाही, तर दूध नासते, बाजारभाव हुकतो आणि वर दुरुस्तीचा खर्च आपल्याच वहीत मांडावा लागतो. म्हणून हा विषय जितका भौतिकशास्त्राचा, तितकाच जमाखर्चाचाही आहे.

माझे शालेय शिक्षण मराठीतून झाले. विद्युतचुंबकीय प्रवर्तन हा शब्द मी शाळेत पाठ केला. कॉइल हा शब्द मला गॅरेजमध्ये भेटला. हे दोन शब्द एकाच वस्तूविषयी बोलतात, हे कळायला मात्र पुढे बरीच वर्षे लागली. त्या दोन शब्दांतील अंतर थोडे कमी व्हावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ठिणगी कशासाठी?

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबले जाते. हे दाबलेले मिश्रण ठरलेल्या क्षणी पेटले पाहिजे. ते पेटवण्याचे काम स्पार्क प्लग करतो. प्लगच्या टोकाशी दोन धातूंमध्ये साधारण पाऊण मिलिमीटरची फट असते. त्या फटीतून वीज उडी मारते, तीच ठिणगी.

ही उडी सोपी नसते. हवा ही मुळात विजेला वाट न देणारी आणि दाबलेली हवा तर त्याहून हट्टी. म्हणून एवढ्याशा फटीसाठीसुद्धा दहा ते वीस हजार व्होल्ट दाब लागतो. आपल्या गाडीची बॅटरी असते १२ व्होल्टची, जुन्या गाड्यांत तर ६ व्होल्टचीच. मग बाराचे वीस हजार कसे करायचे, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न वेळेचा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरते असे धरू. म्हणजे सेकंदाला ५० फेरे. टू-स्ट्रोक इंजिनाला प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी लागते, म्हणजे सेकंदाला ५०. फोर-स्ट्रोकच्या एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक, म्हणजे सेकंदाला २५. एक फेरा ३६० अंशांचा, तेव्हा एक अंश फिरण्यास सेकंदाचा सुमारे अठरा हजारावा भाग लागतो. ठिणगी पाच-सात अंश इकडेतिकडे झाली, तरी इंजिनाला ते जाणवते. पेट्रोल पेटून दाब पूर्ण वाढण्यास काही वेळ लागतो, म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या थोडी आधीच ठिणगी पाडावी लागते. फार आधी पडली तर इंजिन ठोके देते, किकही उलटी मारते. फार उशिरा पडली तर ताकद कमी होते, इंजिन तापते आणि पेट्रोल वाया जाते. वेग वाढेल तसतशी ठिणगी अधिक आधी पाडावी लागते, यालाच गॅरेजमध्ये ॲडव्हान्स म्हणतात.

डिझेल इंजिनाला ही यातायात नाही. तेथे फक्त हवा इतकी दाबली जाते की ती दाबानेच कित्येकशे अंश तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. आपल्या भागाचा या इंजिनांशी जुना संबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगावातच सायकलचे दुकान काढले, लोखंडी नांगरही त्यांनी येथेच घडवले. पुढे १९१० साली ते औंध संस्थानात किर्लोस्करवाडीला गेले आणि १९४६ साली त्या घराण्याची ऑइल इंजिनांची कंपनी पुण्यात उभी राहिली. विहिरीवरच्या त्या डिझेल इंजिनात कॉइल, पॉइंट, प्लग यांपैकी काहीही शोधू नये. ठिणगीचा सारा संसार पेट्रोल इंजिनाचा आहे. सुरुवात पेट्रोलवर करून पुढे रॉकेलवर चालणारे पंप मात्र याच संसारातले.

तीन प्रश्न

ठिणगी पाडण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांची नावे ऐकून डोके गरगरते. परंतु कोणत्याही पद्धतीला तीन साधे प्रश्न विचारले की तिची ओळख पटते. वीज येते कोठून? ती साठते कोठे? आणि ती सोडण्याचा क्षण ठरवतो कोण? हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर जमा कोठून, शिल्लक कोठे आणि खर्चाच्या पावतीवर सही कोणाची. हे तीन प्रश्न ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ.

त्याआधी कॉइल समजून घेतली पाहिजे, कारण ती प्रत्येक पद्धतीत असतेच. लोखंडी पातळ पट्ट्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळलेली असतात. पहिल्या वेटोळ्याची तार जाड आणि फेरे काही शेकडा. दुसऱ्याची तार केसासारखी बारीक आणि फेरे वीस हजारांच्या घरात. म्हणजे प्रमाण साधारण एकास शंभर. पहिल्या वेटोळ्यातून वीज वाहू लागली की गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले की, हे क्षेत्र बदलत असेल तरच जवळच्या तारेत वीज निर्माण होते. क्षेत्र नुसते असून उपयोग नाही, ते बदलले पाहिजे. आणि जितक्या झटक्याने बदलेल, तितका विजेचा दाब मोठा.

म्हणूनच ठिणगी वीज चालू केल्यावर पडत नाही, ती तोडल्यावर पडते. पहिल्या वेटोळ्यातील वीज एकाएकी तोडली की क्षेत्र कोसळते. त्या कोसळण्याने पहिल्या वेटोळ्यातच दोन-तीनशे व्होल्टचा झटका उठतो आणि दुसऱ्या वेटोळ्यात त्याच्या सुमारे शंभरपट, म्हणजे वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॉइल वीज वाढवते असे अनेक जण म्हणतात. ते खरे नाही. कॉइल दाब वाढवते, ऊर्जा वाढवत नाही. जमेपेक्षा खर्च जास्त झाला तर ताळेबंद जुळत नाही, तसेच येथेही आहे. बॅटरीतून १२ व्होल्टवर तीन-चार अँपियर वीज काही हजारांश सेकंद आत येत राहते. तीच ऊर्जा, थोडी उष्णतेत गमावून, हजारो व्होल्टवर पण अत्यल्प प्रवाहाने बाहेर पडते. एका ठिणगीची ऊर्जा असते एका ज्यूलच्या काही शतांश भागाएवढी. सावकाश जमवायचे आणि एका क्षणात खर्चायचे, एवढेच कॉइलचे कसब.

बॅटरी आणि पॉइंट

आता पहिली पद्धत. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांची ही रचना १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारींवर बसली आणि पुढे साऱ्या जगभर पसरली. आपल्याकडील ॲम्बॅसडर, मुंबईच्या कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि आपल्याच राज्यात म्हैसूरला तयार होणारी येझदी मोटरसायकल, या सर्व याच घराण्यातल्या.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर, वीज येते बॅटरीतून. दुसऱ्याचे, ती साठते कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात. तिसऱ्याचे, क्षण ठरवतात पॉइंट. पॉइंट म्हणजे धातूच्या दोन टिकल्या. त्या टेकलेल्या असतात तोवर कॉइल भरते. इंजिनाबरोबर फिरणारा उंचवटा त्यांना उचलतो, त्या विलग होतात, वीज तुटते आणि ठिणगी पडते.

विलग होताना खुद्द पॉइंटमध्येच ठिणगी उडण्याचा धोका असतो. तसे झाले तर वीज झटक्याने तुटत नाही, क्षेत्र हळूहळू कोसळते आणि प्लगपर्यंत काही पोहोचत नाही. म्हणून पॉइंटला समांतर एक कंडेन्सर जोडतात. पॉइंट उघडल्याबरोबर तो विजेला तात्पुरता आसरा देतो. करंगळीएवढी ही डबी, पण ती बिघडली की पॉइंट काळे पडतात, जळतात आणि गाडी रुसून बसते. नवे पॉइंट टाकून पुन्हा आठवड्यात जळाले, तर दोष पॉइंटचा नसून बहुधा कंडेन्सरचा असतो.

चार सिलिंडरच्या मोटारीत कॉइल एकच असते. तिची ठिणगी एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने वाटून देण्यासाठी डिस्ट्रिब्युटर लागतो. त्यात फिरणारा रोटर पंगतीत वाढणाऱ्यासारखा ज्याची पाळी त्याला ठिणगी वाढत जातो.

या पद्धतीचे मोठेपण असे की, इंजिन सावकाश फिरत असतानाही ठिणगी जोरदार मिळते, कारण बॅटरी इंजिनाच्या वेगावर अवलंबून नसते. उणीव अशी की, बॅटरी उतरली की सगळे संपले. शिवाय वेग वाढला की कॉइल भरायला वेळ पुरत नाही. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेरे फिरत असेल, तर कॉइलला सेकंदाला २०० ठिणग्या द्याव्या लागतात, म्हणजे एकीला पाच सहस्रांश सेकंद. त्यातही पॉइंट टेकलेले असण्याचा काळ आणखी कमी. अर्धवट भरलेल्या कॉइलची ठिणगीही अर्धवटच. आणि पॉइंट तर झिजतातच. दर काही हजार किलोमीटरला फिलर गेजने फट मोजून बसवणे आले.

मॅग्नेटो

दुसऱ्या पद्धतीत बॅटरीची गरजच नसते. इंजिनाच्या चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, कायमचे चुंबक बसवलेले असतात. ते स्थिर वेटोळ्यांभोवती फिरतात, क्षेत्र बदलते आणि वीज तयार होते. आपल्या भागातील मिस्त्री फ्लायव्हीललाच मॅग्नेट म्हणतात, ते काही चुकीचे नाही.

ही पद्धत केटरिंगहूनही जुनी. जर्मनीत श्टुटगार्ट येथे रॉबर्ट बॉश यांनी १८८६ साली आपली कार्यशाळा काढली. १८९७ साली त्यांच्या कार्यशाळेने मॅग्नेटो प्रथम वाहनावर बसवला. १९०२ साली त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याबरोबर स्पार्क प्लग अशी जोडी सिद्ध केली. याच बॉशच्या परिवारातील मायको ही कंपनी १९५१ साली भारतात स्थापन झाली. तिच्या बेंगळुरूच्या कारखान्यामुळे मायकोचा प्लग हे शब्द आपल्याकडे इतके रुळले की, जुनी माणसे दुकानात अजूनही तेच नाव घेतात.

पुण्याच्या कायनेटिकची लुना आणि आकुर्डीच्या बजाजची चेतक, ही १९७२ साली बाजारात आलेली दोन वाहने आपल्या खेड्यापाड्यांत घरची झाली, त्यात मॅग्नेटोचा वाटा मोठा आहे. तेथे इंजिन पेटवण्यासाठी बॅटरीची वाट पाहावी लागत नसे. औषध फवारणीचे पेट्रोल पंप आणि लहान रॉकेल इंजिने यांचेही तसेच. महिनोन्महिने कोपऱ्यात पडलेले इंजिन बाहेर काढून दोरी ओढली की ते धडधडू लागते, कारण त्याची वीज त्याच्याच पोटात तयार होते.

तीन प्रश्नांची उत्तरे येथे अशी. वीज येते फिरत्या चुंबकातून, साठते वेटोळ्यात आणि क्षण ठरवतात पुन्हा पॉइंटच. उणीव नेमकी उलट. सावकाश फिरताना ठिणगी कमजोर, वेगात जोरदार. म्हणून अशक्त किक मारली तर गाडी दाद देत नाही.

आणखी एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बॅटरीच्या पद्धतीत किल्ली बंद केली की वीज तोडली जाते. मॅग्नेटोत किल्ली बंद केली की वीज गाडीच्या सांगाड्याकडे वळवली जाते, म्हणजे अर्थ केली जाते. त्यामुळे मॅग्नेटोच्या गाडीत किल्लीकडे जाणारी तार सोलून कोठे सांगाड्याला टेकली, तर किल्ली चालू असूनही गाडी बंदच राहते. एका तारेच्या कपाळमोक्षापायी चांगले सुटे भाग बदलले जातात, ते यामुळेच.

सीडीआय

तिसरी पद्धत म्हणजे सीडीआय. हा शब्द दुचाकीवाल्या प्रत्येकाने ऐकलेला असतो, पण डबीत काय असते ते फारच थोड्यांना ठाऊक असते. मूळ कल्पना अशी की, ऊर्जा कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात न साठवता कपॅसिटरमध्ये, म्हणजे मोठ्या कंडेन्सरमध्ये साठवायची. मॅग्नेटोतील एक वेटोळे दोन-तीनशे व्होल्टची वीज तयार करते. डायोड तिला एकाच दिशेने जाऊ देतो आणि कपॅसिटर भरतो. फ्लायव्हीलवरचा उंचवटा पिकअप कॉइलजवळून जाताच एक बारीकसा इशारा मिळतो. त्या इशाऱ्याने एससीआर नावाचा विद्युत दरवाजा उघडतो आणि कपॅसिटर आपली सारी शिल्लक कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यात एकदम ओततो. कॉइल तिचा दाब वाढवून प्लगला देते.

म्हणजे येथे कॉइलची भूमिका बदलली. पॉइंटच्या पद्धतीत ती कोठारही असते आणि दाब वाढवणारीही. सीडीआयमध्ये ती फक्त दाब वाढवते. म्हणूनच पॉइंटच्या गाडीची कॉइल सीडीआयच्या गाडीला बसवून चालत नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण पॉइंटच्या बारा व्होल्टी कॉइलच्या पहिल्या वेटोळ्याचा रोध तीन ओहमच्या आसपास असतो, तर सीडीआयच्या कॉइलचा बहुधा एक ओहमहूनही कमी.

सीडीआयची ठिणगी अतिशय जलद उठते, त्यामुळे थोडा काळवंडलेला प्लगही ती पेटवते. झिजणारा भाग नाही, पॉइंट साफ करणे नाही, ॲडव्हान्सही डबीतच ठरतो. उणीव अशी की, ठिणगी फार थोडा काळ टिकते. आणि दुसरी उणीव आपल्यासारख्यांना अधिक जाणवते. डबी डांबरासारख्या मसाल्याने बंद केलेली असते, ती उघडून दुरुस्त करता येत नाही. बिघडली तर बदलायची.

ट्रान्झिस्टर आणि संगणक

चौथ्या पद्धतीत पुन्हा केटरिंगचीच कल्पना येते, मात्र पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर बसतो. ऊर्जा पुन्हा कॉइलच्या क्षेत्रात साठते आणि ती तोडतो न झिजणारा ट्रान्झिस्टर. तो अधिक प्रवाह तोडू शकतो, त्यामुळे ठिणगी जोरदार आणि जास्त वेळ टिकणारी मिळते. आधुनिक मोटारींत डिस्ट्रिब्युटरही गेला आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसली. पाळी वाटून घ्यायची नसल्यामुळे प्रत्येक कॉइलला भरायला भरपूर वेळ मिळतो. पॉइंटच्या पद्धतीची जी मोठी अडचण आपण वर पाहिली, ती अशी सुटली.

बजाजने २००३ साली पल्सरवर एका सिलिंडरला दोन प्लग दिले. मिश्रण दोन बाजूंनी पेटले तर लवकर आणि पुरते जळते, ही त्यामागची दृष्टी. पुढे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता इंजिनाच्या दात्यांवर लक्ष ठेवणारा एक सेन्सर आणि एक छोटा संगणक मिळून पेट्रोल किती फवारायचे आणि ठिणगी कधी पाडायची, हे प्रत्येक फेऱ्याला ठरवतात. पावतीवरची सही पॉइंटकडून डबीकडे आणि डबीकडून संगणकाकडे गेली.

आमचा पाऊस आणि आमची कॉइल

आता या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय, ते सांगतो. आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेला, डोंगरांच्या पायथ्याशी. जुलै-ऑगस्टात पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही. माझे काका एका जुन्या शंभर सीसीच्या मोटरसायकलवरून दूध घालतात. गेल्या पावसाळ्यात ती रोज वाटेत अडू लागली. झिमझिम सुरू झाली की इंजिन मिसिंग मारायचे आणि चढावर बंद पडायचे. एका गॅरेजात कॉइल बदलली. चार दिवस पाऊस उघडला, गाडी चालली. पुन्हा सर आली, गाडी बंद. मग सीडीआय बदलला. दोन्ही मिळून अकराशे रुपये गेले आणि तीन दिवसांचे दूध गिऱ्हाइकांकडे उशिरा पोहोचले, त्यांतले एक दिवसाचे परत आले.

शेवटी शेजारच्या गावातील एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. ते मूळचे बैलहोंगलकडचे, कन्नड बोलणारे. त्यांनी प्लग काढून पाहिला आणि म्हणाले, "काका, किडि बरवल्दु." काकांना वाटले, कुठे किडी शिरल्या की काय! ते टाकीचे झाकण उघडून आत पाहू लागले. मी हसत हसत सांगितले की, कन्नडमध्ये किडि म्हणजे ठिणगी, आणि मिस्त्री म्हणताहेत की ठिणगी येत नाही. मिस्त्रीही हसले. नंतर त्यांनी गाडी अंधार पडल्यावर गोठ्यात उभी करायला सांगितली. इंजिन सुरू ठेवून प्लगच्या कॅपवर ओल्या फडक्याचे चार थेंब पिळले. अंधारात कॅपच्या एका चिरेतून निळसर रेघा सिलिंडरच्या पट्ट्यांकडे सरपटताना आम्हाला स्पष्ट दिसल्या. ठिणगी तयार होत होती, पण प्लगच्या फटीत उडी मारण्यापेक्षा ओल्या रबरावरून पळून जाणे तिला सोपे होते. सत्तर रुपयांची कॅप बदलली आणि गाडी उरलेला पावसाळा चालली.

मिस्त्रींनी केले काय, याचा मी नंतर विचार केला. कोरड्या हवेत गाडी चालते, म्हणजे वीज येते, साठते आणि वेळेवर सुटतेही. तीनही प्रश्नांची उत्तरे बरोबर आहेत. मग दोष सुटल्यानंतरच्या वाटेवर असला पाहिजे, आणि पाण्याने बिघडणारी वाट म्हणजे जाड तार आणि कॅप. सुटे भाग एकामागून एक बदलत जाणे ही परीक्षा नव्हे. तो गिऱ्हाइकाच्या पैशावर खेळलेला जुगार आहे.

वाचकांनाही काही गोष्टी स्वतः पाहता येतील. प्रथम प्लग काढून त्याची स्थिती पाहावी. तो काळा व ओला असेल तर पेट्रोल येत आहे, पण पेटत नाही, असे समजावे. प्लग पुन्हा कॅपमध्ये बसवून, त्याचा धातूचा भाग इंजिनाला नीट टेकवून किक मारावी. निळसर-पांढरी, टणक आवाजाची ठिणगी चांगली आणि तांबूस, बारीक ठिणगी कमजोर. प्लग हातात धरून हा प्रयोग करू नये, सणसणीत झटका बसतो. जवळपास पेट्रोल सांडलेले नाही आणि प्लगचे भोक ठिणगीपासून दूर आहे, याचीही खात्री करून घ्यावी, नाहीतर भलताच भडका उडायचा. कॅप मोकळी सोडून इंजिन फिरवू नये. बाहेर पडण्यास वाट न मिळालेली वीज कॉइलच्या आतील वेष्टणावर घाव घालते. ठिणगी मुळीच नसेल, तर आधी कॅप, मग तार, मग किल्लीची जोडणी, आणि त्यानंतरच कॉइल व सीडीआय, असा स्वस्ताकडून महागाकडे जाणारा क्रम ठेवावा. कॉइलची शंका असल्यास रोध मोजणारा मीटर लावून दोन्ही वेटोळी तपासता येतात. त्याला दोन मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.

जुने चांगले की नवे?

पॉइंटच्या काळात माणूस रस्त्यावर बसून पॉलिश पेपरने टिकल्या घासायचा आणि घरी यायचा, आता तसे काही करता येत नाही, अशी खंत जुने मिस्त्री व्यक्त करतात. १८८८ साली बेर्टा बेंझ या बाई आपल्या पतीने बनवलेली मोटार घेऊन मॅनहाइमहून फॉर्झहाइमला गेल्या, तेव्हा वाटेत उघड्या पडलेल्या इग्निशनच्या तारेवर त्यांनी मोज्याचा बंद गुंडाळला, असे सांगतात. ते दिवस खरेच गेले. परंतु पॉइंटची गाडी रस्त्यावर दुरुस्त करता येई, तशी ती वरचेवर रस्त्यावर बंदही पडे, हे विसरून चालणार नाही. नव्या पद्धतींनी पेट्रोल वाचवले, धूर कमी केला आणि बिघाडही कमी केले. त्याची किंमत म्हणून दुरुस्ती आपल्या हातातून डबीत गेली. हा व्यवहार मला एकंदरीत फायद्याचाच वाटतो, पण एका अटीवर. डबीत काय आहे हे वापरणाऱ्याला माहीत असले पाहिजे. नाहीतर दुकानदार सांगेल तो बिघाड आणि मागेल ती किंमत.

बजाजने २०२० साली चेतक हे जुने नाव पुन्हा बाजारात आणले, ते विजेवर चालणाऱ्या स्कूटरला. तिच्यात प्लग नाही, कॉइल नाही, ठिणगीच नाही. उद्या सगळ्याच गाड्या तशा होतील कदाचित. पण आज आमच्या गावातून पहाटे निघणाऱ्या बहुतेक गाड्या ठिणगीवरच चालतात आणि त्यांच्या मालकांपैकी बहुतेकांनी दहावीपर्यंतचे विज्ञान आपल्या मातृभाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, शिकलेले आहे. त्या पुस्तकातले फॅरेडे आणि गाडीच्या टाकीखाली लपलेली कॉइल यांची गाठ घालून देणे हे आपल्या महाविद्यालयातील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखे आहे. सुट्टीच्या दिवशी एखाद्या गावात दोन तास बसून मीटर कसा लावावा आणि ठिणगी कशी पाहावी, एवढे दाखवले तरी पुष्कळ. त्यांना दुभाषा लागला, तर वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी दोन्ही भाषांत सोबत यायला तयार आहे.